उद्या परत सायकलवर

मित्रहो, घाट चढून आल्यावर टपरीवर चहा घेताना एक प्रश्न हमखास निघतो. आपण हौशी सायकलवाले बोरघाट चढतो, व्यावसायिक आल्प्स चढतात. कार्बनची सायकल आणि पायाचा जोर वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर आता आपल्याकडेही आले. मग हौशी आणि व्यावसायिक यांच्यात फरक नेमका कशाचा?

पायातल्या ताकदीचा आहेच, तो आधी सांगून टाकतो. अर्ध्या-पाऊण तासाच्या चढावर अव्वल व्यावसायिक वजनाच्या दर किलोमागे 6 वॉटच्या आसपास जोर लावत राहतो. नोकरी सांभाळून नेटानं सराव करणारा आपल्यातला कुणी 4 पर्यंत पोचला, तर त्याची पाठ थोपटावी. पण हे झाले ताज्या पायांचे आकडे. चार-पाच तास दामटल्यावर शेवटचा घाट समोर येतो, तेव्हा आपला आकडा कोसळतो आणि त्यांचा जेमतेम खाली येतो. माझ्या मते खरी दरी इथं आहे. शिवाय उद्या परत तेच करायचं असतं. तूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीत तीन आठवड्यांत 21 टप्पे, सुमारे 3,400 किलोमीटर आणि विश्रांतीचे दिवस बहुधा दोनच!

आपण रविवारी 120 किलोमीटर मारतो आणि सोमवारी कामावर हजर होतो. त्यांचं कामच ते. सायकलवरून उतरल्यावर खाणं, मालिश, झोप, सगळं उद्यासाठी. हौशी माणूस मेहनतीत कमी पडतो असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला कमी पडते ती विश्रांती.

आता ज्याच्याबद्दल मला मनापासून बोलायचंय, तो गडी. त्याला फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. भर शर्यतीत तो मुद्दाम मागे पडतो, संघाच्या गाडीशेजारी येतो. खिडकीतून एकेक बाटली घेतो. पाठीचे तीन खिसे भरले की उरलेल्या गळ्यातून जर्सीच्या आत सरकवतो. पाठीला कुबड आल्यासारखं दिसतं. एवढं वजन घेऊन तो धावता घोळका पुन्हा गाठतो, माणसांमधून वाट काढत पुढे जातो आणि बाटल्या वाटतो. मग कप्तानाच्या पुढे राहून वारा अंगावर घेतो. कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर वेळप्रसंगी स्वतःचं चाक काढून देतो. निकालात याचं नाव खूप खाली असतं. हौशी शर्यतीत आपण प्रत्येक जण स्वतःसाठी पळतो. हा मात्र दुसऱ्याच्या विजयासाठी पगार घेतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

मग व्यावसायिकांपुढे हौशी माणूस कधीच जिंकत नाही का? 25 जुलै 2021, टोकियो ऑलिंपिक, महिलांची 137 किलोमीटरची शर्यत. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर गणितात पीएच.डी. झालेली, संशोधक. 2017 साली थोडा काळ ती व्यावसायिक संघात होती, पण तिथं टिकली नाही. टोकियोला आली तेव्हा कुठल्याही संघाशी करार नव्हता. सरावाचा आराखडा, आहार, शर्यतीची आखणी, सगळं तिचं तिनं केलेलं. सुरुवातीलाच ती आणखी चौघींबरोबर सटकली. 40 किलोमीटर उरले असताना उरलेल्यांनाही मागे टाकून एकटी निघाली.

मागे नेदरलँड्सच्या चौघी होत्या, एकीपेक्षा एक तगड्या. एरवी पुढे कोण आहे हे संघाच्या गाडीतला माणूस कानातल्या रेडिओवर सांगतो, पण ऑलिंपिकमध्ये तो रेडिओ लावू देत नाहीत. आधी सटकलेल्यांपैकी दोघी वाटेत सापडल्यावर त्यांना वाटलं, आता पुढे कुणी नाही. त्या चौघींतल्या आनेमीक फान फ्लोटेननं हात उंचावून रेषा ओलांडली. आना त्याआधी 75 सेकंद पोचली होती.

या निकालानं हौशींनी हुरळून जावं असं मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या शर्यतीत 40 किलोमीटर एकटीनं वारा कापणं ही अस्सल ताकद होती. पण रोज कानात बोलणाऱ्या माणसावर व्यावसायिकांची किती भिस्त असते, हेही त्या दिवशी उघडं पडलं. आना मात्र पहिल्यापासून स्वतःच सगळं ठरवत आली होती.

आणि फान फ्लोटेन? सोनं मिळालं म्हणून हात वर केलेली, रेषेपलीकडे चूक कळलेली ती बाई. तीनच दिवसांनी, 28 जुलैला, ती परत सायकलवर बसली आणि वैयक्तिक टाइम ट्रायलचं, म्हणजे एकेकटीनं घड्याळाविरुद्ध पळायच्या शर्यतीचं, सुवर्ण 56 सेकंदांच्या फरकानं घेऊन गेली.