डबा मोजला, सीड्या कोण मोजणार

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुपार, पहिल्या मजल्यावरचं दुरुस्तीचं दुकान, आणि टेबलावर पालथा पडलाय पीएस टू, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन टू, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, तो जुना जाडावाला. बुडाची बारकी टोपणं टोकरून काढली की आत स्क्रू, मग झाकण, मग सीडी फिरते तो भाग आणि त्यात ही मण्याएवढी लेन्स. सीडी वाचत नाही म्हटलं की दुरुस्ती करणारे काका आधी इथेच बघतात. कापसाच्या काडीला थेंबभर स्पिरिट, हलक्या हाताने दोनदा फिरवायचं, वाळू द्यायचं, जोर लावला की लेन्स गेलीच. पावसाळ्यात अशी कामं जास्त येतात, असं ते मान वर न करताच सांगतात.

या मशीनच्या विक्रीचा आकडा सोनी १६ कोटींच्या वर सांगते, आजवर एवढा दुसरा कुठलाच कन्सोल खपला नाही. भारीच. पण मोजलं काय? कंपन्या बऱ्याचदा दुकानदारांकडे रवाना झालेले डबे, म्हणजे कन्सोल, मोजतात, गिऱ्हाइकाने घरी नेलेले नाही. त्यात डब्यावर फार सुटतही नाही, २००६ ला पुढचा पीएस थ्री आला तेव्हा तर एकेक पीस तोट्यात जात होता. कमाई गेम्सवर, प्रत्येक ओरिजिनल सीडीमागे कंपनीचा कट, म्हणजे एका डब्यामागे किती गेम खपले हा खरा हिशोब.

आता हे बघा. बोर्डवर केसाएवढ्या वायरी सोल्डर केल्यात ना, ती चिप. 'चिप मारलेला' पीस, कॉपी सीडी बिनधास्त चालते. आणि पीसच्या मालकाने टेस्टिंगला दिलेल्या सीड्या, सगळ्यांवर मार्करने नावं, ओरिजिनल एकही नाही. सोनीच्या यादीत मात्र हा डबा जमा!

सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट कन्सोल तर चिपशिवाय कॉपी वाचायचा. ९० लाखांच्या आसपास विकला, २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं. कारणं इतरही होती, असो.

मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून आपले एक्सबॉक्स कन्सोल किती विकले ते सांगणं बंद केलं, महिन्याला किती लोक खेळतात ते सांगायला लागले. सोयीचं आहे, पण निदान खेळणारा तरी मोजला. हा टेबलावरचा पीस इतक्या वर्षांनी कुणीतरी खेळायला म्हणून दुरुस्तीला आणलाय, त्याचा रकाना कुठल्याच रिपोर्टात नाही.

झाकण बसलं. एक स्क्रू उरला, तो काकांनी डबीत टाकला.

लाल दिवा. आता हिरवा.