झिपच्या गठ्ठ्यात काय बांधावं, कसं बांधावं

(वाचनालयांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, झिप करणं म्हणजे अनेक फायली दाबून एकाच फायलीच्या गठ्ठ्यात बांधणं. त्याबद्दलचा एक गैरसमज आधी काढून टाकू. स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या पीडीएफ झिप केल्या की जागा वाचते, असं बहुतेकांना वाटतं. वाचत नाही. ऐंशी एमबीची पीडीएफ झिप करून बघा, एखाद-दुसरा एमबी कमी होईल, कधी तेवढाही होणार नाही. पीडीएफच्या पोटात पानांची जी चित्रं असतात ती आधीच जेपेग किंवा तसल्याच पद्धतीनं दाबलेली असतात. चरकातून निघालेलं चिपाड पुन्हा चरकात घातलं तर रस कुठून येणार?

मग झिप करायचंच कशाला? सगळं एकत्र राहावं म्हणून. एखाद्या दिवाळी अंकाचे वीस वर्षांचे अंक, त्यांची यादी, मुखपृष्ठांची चित्रं, कोणत्या प्रतीवरून स्कॅन केलं याची नोंद, हे सुटं सुटं पाठवलं की वाटेत दोन फायली गळतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. झिपमध्ये प्रत्येक फायलीबरोबर सीआरसी नावाचा 32 बिटांचा एक आकडा साठवलेला असतो. फाइल बाहेर काढताना तो नव्यानं मोजला जातो, आणि जुळला नाही तर प्रोग्राम ओरडतो. सुट्या पीडीएफचं तसं नाही. एकशे बारावं पान बिघडलंय हे कुणीतरी तिथपर्यंत वाचत जाईल तेव्हा कळणार.

मजकुराच्या फायलींची तऱ्हा वेगळी, तिथे झिप खरोखर कामाला येतं. मराठीला तर जरा जास्तच. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना आकडे देणारी व्यवस्था. तिच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवणीचे तीन बाइट खातं. ‘मराठी’ हा शब्द घ्या. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. त्या पाचांचा पहिला बाइट एकच आहे आणि दुसराही चौघांत सारखा, फक्त वेलांटीचा वेगळा. इतकी पुनरुक्ती असल्यावर दाबणाऱ्याची चंगळच! सव्वा एमबीची कादंबरी पाव भागाच्या आसपास येते.

हे काम करणारी पद्धत म्हणजे डिफ्लेट. फिल काट्झ यांनी 1989 मध्ये पीकेझिप हा झिप करण्याचा प्रोग्राम आणला, डिफ्लेट त्याच्याच पुढच्या आवृत्तीतलं. पाठीमागे लेम्पेल आणि झिव या संशोधकांची 1977 ची कल्पना: मजकूर पुन्हा आला तर तो परत लिहायचा नाही, ‘इतकं मागे जा, इतकं उचल’ एवढीच खूण करायची. डिफ्लेट मागे बघतं फक्त 32 केबी. मराठीत ती पाच-सात पानं झाली. सेव्हन-झिप नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामची एलझेडएमए ही पद्धत खूप मागेपर्यंत बघते, म्हणून तिचा गठ्ठा लहान होतो. पण तिथे साधारणपणे सगळ्या फायली एकाच सलग प्रवाहात दाबलेल्या असतात. मधे एक जागा बिघडली की पुढची बरीच पुस्तकं हातची जाऊ शकतात. झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबली जाते, त्यामुळे नुकसान त्या पुस्तकापुरतं राहतं. चार एमबी वाचवण्यासाठी ही जोखीम मी घेणार नाही. बॅकअपसाठी साधं झिप, पीडीएफ असतील तर न दाबता नुसतं बांधलेलं.

आता ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल. ईपब स्वतःच एक झिप आहे. फायलीच्या नावातलं शेवटचं ‘ईपब’ काढून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत प्रकरणांच्या एचटीएमएल फायली, चित्रं, फॉन्ट, सगळं दिसेल. त्यात सर्वांत पहिली ‘माइमटाइप’ नावाची एका ओळीची फाइल असते आणि ती न दाबता ठेवायची असा नियमच आहे. म्हणून एखादी चूक दुरुस्त करायला ईपब उलगडून पुन्हा साध्या झिपनं बांधलं, तर काही वाचनयंत्रं ते पुस्तक नाकारतात. हात लावायचाच असेल तर सिगिलसारख्या, ईपब दुरुस्त करण्यासाठीच असलेल्या प्रोग्राममधून लावा.

नावांचा प्रश्न आपल्याला खास छळतो. जुन्या झिपमध्ये फायलींची नावं आयबीएमच्या 437 क्रमांकाच्या संकेतसारणीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, धरली जात, आणि तिच्यात देवनागरी नाही. यूटीएफ-8 नावांची सोय 2006 मध्ये आली, तरी जुने प्रोग्राम ती पाळत नाहीत. तुम्ही देवनागरीत नाव देता आणि समोरच्याला चौकोन आणि ग्रीक अक्षरं दिसतात. मनाला पटत नाही, तरी सांगतो: फायलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा, वर्ष आधी, मग लेखक, मग पुस्तक. आणि गठ्ठ्यात एक साधी मजकूर-यादी घाला, ती मात्र शुद्ध देवनागरीत.

त्याहून अवघड दुखणं जुन्या फॉन्टचं. श्रीलिपी, आकृती, किरण यांत टंकलेल्या वर्ड फायली तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ रोमन कचरा दिसतात. अशी फाइल झिपमध्ये सुखरूप राहील, सीआरसीही जुळेल, पण वाचता येणार नाही. तो फॉन्ट असलेला संगणक चालू आहे तोवर तिची फॉन्टसकट पीडीएफ करा, युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मूळ फायलीसह तिन्ही बांधा.

गठ्ठा फार मोठा करू नका. जुन्या झिपची मर्यादा चार जीबी, फॅट-32 या जुन्या मांडणीच्या पेन ड्राइव्हवर एका फायलीची मर्यादाही तेवढीच. पासवर्ड घालू नका. तुमच्यानंतर तो कुणाला ठाऊक असणार?

हे गठ्ठे इतरांना वाटण्याबद्दल मघाशी एका ताईंनी विचारलं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांनी स्वतः लिहिलेलं, हयातीत प्रसिद्ध झालेलं 1 जानेवारी 2011 पासून खुलं आहे. नव्या आवृत्तीतली दुसऱ्याची प्रस्तावना किंवा चित्रं मात्र त्यात येत नाहीत. दिवाळी अंकात तर लेखक पंचवीस, तेवढ्याच तारखा. म्हणून यादीत प्रत्येक लेखापुढे लेखकाचं निधनवर्ष लिहा, आणि जिथे ते मिळत नाही तो गठ्ठा ग्रुपवर न टाकता वाचनालयाच्या कपाटात ठेवा.