घाट उतरायला शिकवतं कोण?

[मैदान. उभा दहाचाकी ट्रक. हवेच्या दाबाचा काटा, जवळून.]

इंजिन बंद आहे. उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरनं, ट्रक शिकणाऱ्या या मुलाला एवढंच सांगितलंय: ब्रेक दाब, सोड, आणि काट्यावरची नजर हलवू नकोस.

दर दाबाला काटा खाली सरकतो. टाकीतली हवा ब्रेकला जाते आणि बाहेर सुटते. हा फुसकारा तिचाच. नवी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद, म्हणजे टाकीत उरलीय तेवढीच हवा. बघता बघता हवा कमी झाल्याचा बझर वाजतो. हा मुलगा आजवर छोटा हत्ती चालवायचा, त्याला ऑइलचे ब्रेक. हवेचा ब्रेक वापरता वापरता संपतो, हे तो आज पहिल्यांदा बघतोय.

बझरनंतरही दाब असाच उतरत गेला, तर मागच्या चाकांचा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो आणि चाकं जखडतात. गाडी उभी असेल तर ही सोय. ती वळणावर धावत असेल, तर काय होईल याचा विचार करा.

[मुलगा गाडीभोवती फिरतो. हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा.]

मागच्या जोडचाकांत आतला टायर नीट दिसत नाही. म्हणून टॉमी मारून कानानं ऐकायचं. हवा भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला बद्द. मग चाकांचे नट, स्प्रिंगचे पाटे, हवेचे पाइप, टाकीखालचा ड्रेन. टाकीत साचलेलं पाणी काढलं नाही, तर ते पुढे व्हॉल्व्हमध्ये शिरतं. हे रोजचं काम आहे, किल्ली फिरवण्याआधीचं.

पूर्वी हे सगळं क्लीनर शिकायचा. पोरगं उस्तादाच्या गाडीवर चढायचं ते काच पुसायला, दोर आवळायला, ताडपत्री बांधायला. रात्री ढाब्यावर गाडीखाली झोपायचं. रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचं. स्टिअरिंग मिळायचं ते मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, उस्तादाच्या मर्जीनं. त्या शिक्षणात शिव्या होत्या, मार होता, पगाराचा पत्ता नव्हता. ते दिवस परत यावेत असं कोणीही म्हणू नये. पण त्या पोरानं स्वतः चालवण्याआधी शेकडो वेळा घाट उतरताना पाहिलेला असायचा. आता भाड्यात परवडत नाही म्हणून अनेक गाड्यांवर क्लीनर उरलेला नाही, आणि त्याच्याबरोबर ही शाळाही गेली.

तिची जागा घ्यायची ती ड्रायव्हिंग स्कूलनं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रकसारखं अवजड व्यावसायिक वाहन चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्ष जुनं हवं. १९८९च्या नियमांत व्यावसायिक वाहनासाठी किमान ३० दिवसांचं प्रशिक्षण आहे, त्यात किमान १५ तास प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे. २०२१मध्ये आलेल्या मान्यताप्राप्त केंद्रांच्या नियमांत अवजड वाहनासाठी ६ आठवड्यांत ३८ तास सांगितलेत, सिम्युलेटर आणि ट्रॅकसह. तास वाढले, हे चांगलंच झालं. पण या तासांत गाडी रिकामी होती की भरलेली? सपाटीवर होती की उतारावर?

[कसारा घाट. नाशिककडून मुंबईकडे. केबिनमधून दिसणारा रस्ता.]

आज गाडीत माल आहे. दहाचाकीचं भारासह वजन कायद्यानं २८.५ टनांपर्यंत जाऊ शकतं, आणि एवढं वजन उतारावर मागून ढकलत असतं. उस्तादांनी घाट सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यायला लावलाय. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम. इंजिनाचा धूर अडवून गाडीला धरणारा एक्झॉस्ट ब्रेक लावलाय. मुलाचा पाय सवयीनं पुन्हा पुन्हा ब्रेककडे जातो.

“पाय काढ. इंजिनाला धरू दे.”

ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना आतून घासणारे लायनर तापून पकड सोडतात. मग दाबलेला ब्रेक लागतच नाही. ‘ब्रेक फेल’ झाल्याचं आपण वाचतो, त्यातले कितीतरी ब्रेक घाटाच्या वरच्या टोकाला चांगले असतात.

गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, असं अजूनही सांगितलं जातं. आताच्या इंजिनांत उलट होतं. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये ते जळतच राहतं, आणि गाडीला धरणारं इंजिन मात्र सुटलेलं असतं.

[नवले पूल, पुणे.]

नोव्हेंबर २०२२. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून उतरणारा रस्ता. एका अवजड वाहनानं चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान केलं. चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात समोर आलं. मैदानावर पाहिलं तेच: इंजिन बंद, म्हणजे नवी हवा बंद.

[पुन्हा मैदान. मुलगा रिव्हर्स घेतोय. दोन्ही आरसे.]

हेवी लायसनसाठी शाळेत नाव घालणार असाल, तर फीच्या आधी हे विचारा. गाडी हवेच्या ब्रेकची आहे का? भरलेली गाडी चालवायला देणार का? उतारावर नेणार का? रात्री चालवायला मिळणार का? आणि गाडीमालकांनो, नव्या ड्रायव्हरच्या पहिल्या काही खेपांना शेजारी जुना ड्रायव्हर बसवा, आणि त्या जुन्याला त्याचा वेगळा भत्ता द्या.