हातातून सुटलं की विमान त्याचं त्याचं

नमस्कार मंडळी. आज आपण विमान बनवणार आहोत, पण रिमोटचं नाही हं. रिमोट नाही, बॅटरी नाही, मोटार नाही, पुढे एक प्लास्टिकचा पंखा, मधे एक काडी आणि काडीखाली पीळ दिलेलं रबर, बास. याला फ्री फ्लाइट म्हणतात. हातातून सुटलं की तुम्ही फक्त बघायचं, नाहीतर मागे पळायचं. कोणी म्हणेल यात काय मजा, पण मला विचाराल तर मजा तिथेच आहे, वर गेल्यावर त्याने काय करायचं ते सगळं तुम्हाला खाली असतानाच ठरवून ठेवायला लागतं.

आयडिया जुनी आहे बरं का. पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो म्हणून एक 21 वर्षांचा मुलगा होता, त्याने 18 ऑगस्ट 1871 ला तुइलरी बागेत रबरावर चालणारं विमान उडवून दाखवलं, 11 सेकंदात साधारण 40 मीटर गेलं. आकडा ऐकून हसू येईल, पण आत कोणी नसताना ते आपला तोल आपणच सांभाळत गेलं, कारण पंखांची टोकं वर वळवलेली होती आणि मागे शेपटी होती. राइट बंधूंना लहानपणी, 1878 मध्ये, वडिलांनी रबरावर उडणारं एक खेळणं आणून दिलं तेही पेनोच्याच धाटणीचं. त्यामुळे पोरांना खेळणी आणताना जरा जपून, पुढे काय करतील सांगता येत नाही.

आता सामान. बाल्सा लाकूड, हॉबीच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, इतकं हलकं आणि मऊ की ब्लेडने कापता येतं. पंखासाठी 3 मिलीमीटरच्या काड्यांची 40 सेंटीमीटर लांब फ्रेम, त्याच्यावर पतंगाचा कागद. प्लॅनवर, म्हणजे विमानाच्या खऱ्या मापाच्या कागदी आकृतीवर, आधी पॉलिथिन पसरा मग चिकटवा, नाहीतर प्लॅनसकट विमान उचलावं लागेल. आणि डिंक काय किंवा फेव्हिकॉल काय, थेंबाने लावायचा, इथे वजन हाच शत्रू. बंद हॉलमध्ये उडवायच्या स्पर्धेतली विमानं तर दीड ग्रॅमच्या आसपास असतात आणि रबराच्या जोरावर 20 मिनिटांहून जास्त फिरतात, आपलं 12 ग्रॅममध्ये बसलं तरी पार्टी द्या.

पंख मधोमध कापून दोन्ही टोकं 4-4 सेंटीमीटर वर उचलून चिकटवायची, हे चुकवू नका. विमान एका बाजूला कललं की त्याच बाजूला घसरतं, मग खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते परत सरळ होतं. हाच तुमचा पायलट.

रबर मात्र चांगलं घ्या. ऑफिसचे रबरबँड गाठी मारून जोडले तर गाठीपाशीच तुटतात. रबराला थोडं एरंडेल चोळा, घासणं कमी होतं आणि जास्त पीळ बसतात. पंखा आणि त्याचं बेअरिंग, म्हणजे ज्यात पंख्याची तार फिरते तो भाग, यांच्या मधे एक मणी घाला, तेवढ्याने तो मोकळा फिरतो.

आणि आता खरं काम, ट्रिमिंग, म्हणजे विमान नीट उडावं म्हणून करायची जुळवाजुळव. इथे घाई करणाऱ्यांची विमानं तुटतात. पहिल्यांदा पीळ द्यायचाच नाही. गवतावर उभं राहून, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून नुसतं पुढे सोडायचं, फेकायचं नाही. वर चढलं, थांबलं आणि नाकावर आदळलं तर शेपूट जड आहे, नाकाला चिकणमातीची गोळी लावा किंवा पंख थोडा मागे सरकवा. सरळ जमिनीत शिरलं तर उलटं करा. पंख रबरबँडने बांधलेला ठेवतात तो यासाठीच. लांब, सपाट घसरत आलं की झालं, मग थोडे पीळ द्या, पन्नास एक, मग हळूहळू वाढवा.

पीळ वाढले की नवा घोटाळा सुरू होतो. रबर सुरुवातीला एकदम जोर देतं, त्यात विमान नाक वर करून डावीकडे कलंडतं, कारण मागून बघितलं तर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि विमानाला उलट्या बाजूला मुरड बसते. म्हणून पंख्याची दिशा किंचित खाली आणि किंचित उजवीकडे करतात, बेअरिंगखाली कार्डाचा तुकडा घातला तरी पुरतं. शेपटीला बोट लावून हे दुरुस्त करायला जाऊ नका, कारण जोर संपल्यावर आधी जुळवलेली घसरण बिघडेल.

उडवायला सकाळ बरी, वारा पडलेला असतो. दुपारी ऊन तापलं की गरम हवा वर चढते, घारी पंख न हलवता गोल गोल फिरताना दिसतात ना, तीच. त्यात तुमचं विमान सापडलं तर वर वर जात दिसेनासं होतं. मोठ्या विमानांना यावर उपाय असतो, ठराविक वेळाने शेपटी वर उडते आणि विमान सपाट बसून खाली येतं. आपल्या छोट्यावर तेवढं वजन नको, म्हणून पंखाखाली घरचा फोन नंबर लिहून ठेवा.