मेसोअमेरिकेच्या पेपरला बसताना

ओल्मेक, सापोतेक, तेओतिवाकान, माया, अस्तेक... मेसोअमेरिकेतल्या, म्हणजे जुन्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या संस्कृतींची ही नावं आणि त्यांच्यापुढे सनावळ्या घोकून तुमच्यातले बरेच जण आलेले असणार. घोका, हरकत नाही. पण हा पेपर मुख्यतः चित्रांवर चालतो. पडद्यावर फोटो येतो, खाली नाव नसतं, आणि तुम्हाला सांगायचं असतं: कोणाचं, कधीचं, कशाचं आणि कशावरून. खरी मेख त्या ‘कशावरून’मध्ये. शिकवलेलाच फोटो येईल या भरवशावर तर मुळीच राहू नका. परीक्षक मुद्दाम अनोळखी दगड काढतात, मीही काढते.

म्हणून सुरुवात छेदापासून करा. वही घ्या आणि इमारतीचा उभा छेद काढा. मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या जुन्या नगरातल्या इमारतीचा टप्पा असा: खाली आत कललेली भिंत, तिला तलुद म्हणतात. तिच्या माथ्यावर सरळ उभी, चौकटीत बसवलेली पट्टी, म्हणजे तब्लेरो. ही पट्टी जरा पुढे आलेली असते, त्यामुळे उन्हात तिच्याखाली गडद सावलीची रेघ पडते. असे टप्पे एकावर एक. एकदा हातात बसलं की ढिगाऱ्यातसुद्धा ओळखू येतं. मात्र उदाहरण म्हणून सूर्य-पिरॅमिड लिहू नका. तो सुमारे ६५ मीटर उंच आहे, प्रसिद्ध आहे, पण ही रचना त्याच्या मुख्य अंगावर दिसतच नाही. लिहायचं ते पिसांच्या सर्पाचं मंदिर. तिथे तब्लेरोमधून सर्पाची मुंडकी बाहेर डोकावतात.

आता हाच छेद हजारएक किलोमीटर दूर, ग्वातेमालाच्या जंगलात, तिकाल या माया नगरात दिसतो. इ.स. ३७८ मध्ये सियाह काक नावाचा योद्धा तिथे आला, असं कोरीव लेख सांगतात, आणि त्यानंतर राजवंशच बदलला. विद्यार्थी लगेच लिहून मोकळे होतात की फौज आली, शैली आली. पण तलुद-तब्लेरो तिकालमध्ये ३७८च्या आधीपासून आहे. मग काय लिहायचं? तिकालचा ३१ क्रमांकाचा शिलास्तंभ नीट पाहा, तो ४४५ चा. समोर राजा सियाह चान काविल, अंगभर माया दागिने, शिरोभूषणावर शिरोभूषण, तसूभर जागा मोकळी नाही. दोन्ही बाजूंना त्याचा बाप, तेओतिवाकानच्या सैनिकाच्या वेषात: हातात भालाफेकीची काठी, ढालीवर गोल डोळ्यांचा चेहरा, रेषा सुटसुटीत. एकाच दगडावर दोन शैली, आणि मुलाने त्या जाणून मांडलेल्या. एवढं निरीक्षण उतरवलंत तर अर्धं उत्तर झालं.

माया वास्तूंबद्दल एकच गोष्ट पक्की करा: त्यांनी खरी कमान बांधली नाही. दोन्ही भिंतींचे दगड वर जाताना थोडेथोडे पुढे सरकवत आणायचे आणि वर एका शिळेने फट झाकायची. आपल्या हेमाडपंती मंदिराच्या छताखाली मान वर करून उभे राहिला असाल तर दगड पुढे सरकवण्याचं हे तंत्र तुम्हाला नवं नाही. परिणाम काय? खोल्या चिंचोळ्या, भिंती जाड. तिकालचं १ क्रमांकाचं मंदिर ४७ मीटर उंच, पण आत दाटीवाटीच्या तीन खोल्या. पालेंके या माया नगराच्या गवंड्यांनी यावर तोड काढली: दोन समांतर छतं एका मधल्या भिंतीवर टेकवली, छपराला बाहेरून उतार दिला, भार हलका झाला, खोल्या रुंद झाल्या. तिथला राजा पकाल याची कबर १९५२ मध्ये सापडली ती तिथेच, लेखांच्या मंदिराखाली. कबरीच्या झाकणावरचा राजा म्हणजे अंतराळवीर, हे कुठेही वाचलं असेल तर विसरा.

दुसरी सवय: आधी दिसतं ते लिहा, अर्थ नंतर. याश्चिलान या माया नगरातला २४ क्रमांकाचा उत्तरंग, म्हणजे दारावरची आडवी शिळा, घ्या, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डावीकडे राजा पेटती मशाल धरून उभा. उजवीकडे राणी काबाल शोक गुडघ्यांवर बसून जिभेतून काट्यांची दोरी ओढते आहे. तिच्या ओठांभोवती वेटोळी नक्षी आहे, ती रक्ताची. खाली टोपलीत रक्त पडलेले कागद. तिच्या वस्त्राची वीणसुद्धा चुनखडीच्या दगडात मोजता येईल अशी. आणि हे सगळं दाराच्या माथ्यावर, खालच्या बाजूला कोरलेलं, म्हणजे आत शिरणाऱ्याने मान वर केली तरच दिसणार. ही शेवटची गोष्ट जवळजवळ कोणी लिहीत नाही.

अर्थाची घाई केली की काय होतं, ते सापोतेकांच्या मोंते अल्बान या नगरात कळतं. तिथल्या शिळांवरच्या वेड्यावाकड्या अंगांच्या आकृत्यांना लोकांनी ‘नर्तक’ म्हटलं. डोळे मिटलेले, अंग उघडं, काहींच्या गुह्यांगापाशी रक्ताची नक्षी; हे बहुधा मारलेले कैदी आहेत.

अस्तेकांवर मोठा प्रश्न येतोच, आणि तो तेंप्लो मायोरवर, म्हणजे त्यांच्या मुख्य मंदिरावर. हे मंदिर जुन्यावर नवं असं सात टप्प्यांत चढत गेलं. फेब्रुवारी १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत वीज कंपनीचे कामगार खणत असताना कोयोलशाउकीची तबकडी लागली, व्यास सव्वातीन मीटरच्या आसपास. हातपाय तोडलेली ही देवी वित्सिलोपोच्त्ली या देवाच्या जिन्याच्या पायथ्याशी होती. पुराणात याच देवाने, तिच्या भावाने, तिला डोंगरावरून खाली लोटलं. मंदिरात बळीचं शरीर पायऱ्यांवरून घरंगळत तिच्यापाशीच यायचं. शिल्प कुठे ठेवलं आहे ते लिहिल्याशिवाय शिल्पाचं उत्तर पुरं होत नाही. त्याच आवारात अस्तेकांनी तेओतिवाकानच्या धाटणीची लाल देवळंही बांधली आणि अर्पणांत एक ओल्मेक मुखवटा पुरला, जो तेव्हाच दोन हजार वर्षांहून जुना होता.

राहिली अस्तेकांची सूर्यशिला. १७९० मध्ये सापडली, व्यास सुमारे ३.६ मीटर. तिला नुसतं कॅलेंडर म्हणून सोडू नका. मधला चेहरा सूर्यदेव तोनातिऊचा की भूदेवता त्लाल्तेकुत्लीचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दोन्ही मतं लिहा आणि पुरावा दाखवा: चकमकीच्या सुरीसारखी बाहेर आलेली जीभ, दोन्ही बाजूंना हृदयं पकडलेले पंजे, भोवती चार चौकोनांत होऊन गेलेले चार सूर्य, म्हणजे आधीची चार युगं. यासाठी दहा मिनिटं पुरतात.