न वापरलेल्या युनिटचा भाव

[दृश्य: एकलहरे. लांबून दिसणाऱ्या चिमण्या, कोळशाच्या वाघिणी.]

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात. २१० मेगावॅटचे तीन संच, एकूण क्षमता ६३० मेगावॅट. कोळसा रेल्वेनं येतो. त्यात जेवढी उष्णता असते, तिच्यातली जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरते. बाकीची धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. पुढे तारा, उपकेंद्र, गल्लीतली डीपी म्हणजे रोहित्र, असा प्रवास करत वीज घरात येईपर्यंत तिच्यात आणखी घट होते. त्यामुळे नाशिकच्या सिडको वसाहतीतल्या घरात एक युनिट वाचलं की तिकडे एकाहून जास्त युनिटांचा कोळसा वाचतो.

या वाचलेल्या युनिटचा फायदा कुणाला किती व्हावा, हे ठरवणारी एक व्यवस्था आपल्या राज्यात आहे. तिचं नाव वीज बिलाच्या बहुतेक ओळींमागे असतं, पण बिल भरणाऱ्या बहुतेकांना ती माहीत नसते.

[दृश्य: घरगुती वीज बिल, अगदी जवळून. एकेका ओळीवरून सरकणारं बोट.]

हे बिल पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांतून पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. यातलं वीज शुल्क राज्य सरकारचं, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. वरचे सगळे आकार मंजूर करतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. १९९९ सालच्या ऑगस्टमध्ये हा आयोग स्थापन झाला. २००३ च्या विद्युत कायद्यानं त्याचे अधिकार वाढले आणि २००५ च्या जूनमध्ये जुन्या वीज मंडळाची विभागणी होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. कंपनीला वाटलं म्हणून दर वाढवता येत नाही. आधी अर्ज, मग तो जाहीर करणं, लोकांच्या हरकती, सुनावणी आणि शेवटी आदेश. कायद्यानं हा क्रम घालून दिला आहे.

आता दरांचे टप्पे बघू. २०२४-२५ च्या दरपत्रकात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटपर्यंत वीज आकार होता ४ रुपये ७१ पैसे. १०१ व्या युनिटपासून ३०० पर्यंत तोच १० रुपये २९ पैसे. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा. म्हणजे शंभरी ओलांडली की पुढच्या युनिटचा वीज आकार दुपटीहून जास्त.

याच दरांनी एक हिशेब करू. उन्हाळ्यात महिन्याला १५० युनिटं जाळणारं घर, तीन पंखे, प्रत्येक रोज बारा तास फुल स्पीडवर. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा तीसेक वॅटमध्ये देतो. महिन्याकाठी तीन पंख्यांमागे ४८ ते ४९ युनिटं वाचतात, आणि ती सगळी वरच्या टप्प्यातली असतात. बचत साडेपाचशे रुपयांच्या वर, शुल्क वेगळंच. हेच पंखे महिन्याला १०० युनिटांत भागवणाऱ्या घरात लावले, तर बचत तीनशेच्याही आतली. वीज तेवढीच वाचली, कोळसाही तेवढाच वाचला. घराला मिळालेला पैसा मात्र निम्म्यावर आला, कारण दरपत्रकातला टप्पा वेगळा.

[दृश्य: सिडकोतली दोन खोल्यांची भाड्याची घरं. छताला गरगरणारा जुना पंखा.]

ज्या घराला बचत सर्वांत कमी, त्याच घराकडे नव्या पंख्यासाठी दोन-अडीच हजार रुपये हाताशी नसतात. सिडकोत, पंचवटीत, देवळालीगावात हजारो कुटुंबं भाड्यानं राहतात. पंखा घरमालकाचा आणि बिल भाडेकरूचं. घरमालक कशाला बदलेल? भाडेकरू तरी दुसऱ्याच्या छताला नवा पंखा का लावेल? ‘लोकांना वीज बचतीचं महत्त्व कळत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा या घरांत जाऊन यावं. त्यांना महत्त्व पुरेपूर कळतं. अडचण पैशाची आणि व्यवस्थेची आहे.

या अडचणीवरचा एक चांगला उपाय नाशिकमध्येच करून पाहिला गेला होता.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. कंदील, मेणबत्त्या, शटर अर्धं ओढलेली दुकानं.]

ज्यांनी २००५ च्या आसपासचे दिवस पाहिले आहेत, त्यांना लोडशेडिंगचं वेळापत्रक आठवत असेल. आज लाईट किती वाजता जाणार, हे पाहून पाणी भरायचं, दळण टाकायचं, परीक्षेचा अभ्यास लावायचा. मागणी आणि पुरवठा यांतली दरी हजारो मेगावॅटची होती. नवं वीज केंद्र उभं राहायला वर्षं लागतात. संध्याकाळी प्रत्येक घरात पेटणारा साठ वॅटचा पिवळा बल्ब मात्र एका दिवसात बदलता येतो.

म्हणून २००५-०६ मध्ये, नियामक आयोगाच्या पुढाकारानं आणि मंजुरीनं, महावितरणनं नाशिकमध्ये सीएफएल, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या दिव्यांची पथदर्शी योजना राबवली. तेव्हा सीएफएल महाग होता. त्यावर काढलेली युक्ती साधी होती: दिवा आत्ता घ्या, पैसे वीज बिलातून हप्त्यानं द्या. साठ वॅटच्या जागी पंधरा वॅट आले की बिल उतरतं आणि त्या उतरलेल्या बिलातूनच हप्ता निघतो. घरातून वेगळा रुपया काढावा लागत नाही.

ही योजना आज पुन्हा सांगायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण दहा वर्षांनी देशानं त्याच वाटेवर मोठी मजल मारली. २०१५ च्या जानेवारीत स्वस्त एलईडी बल्ब देणारी केंद्राची उजाला योजना सुरू झाली. घाऊक खरेदीमुळे एलईडी बल्बचा खरेदी दर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. आज पिवळा बल्ब शोधावा लागतो. मग पंख्यांसाठी हेच का होऊ नये? बिलातून हप्त्यानं आणि घरमालकाची वाट न बघता?

[दृश्य: दुकानातल्या पंख्यावरचं स्टार लेबल.]

छताच्या पंख्यावर स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे. ते केंद्राचं काम, २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो पाहतं. राज्यात याच कायद्याची जबाबदारी पुण्याच्या महाऊर्जा या संस्थेकडे आहे. पण लेबल दुकानापर्यंत येऊन थांबतं. तिथून घरापर्यंतची वाट वितरण कंपनीच मोकळी करू शकते. तिच्याकडे प्रत्येक घराचा ग्राहक क्रमांक आहे, दर महिन्याचा वापर आहे, वसुलीची यंत्रणा आहे.

आणि इथेच खरी मेख आहे. वीज विकणाऱ्या कंपनीनं ‘वीज कमी वापरा’ असं मनापासून का सांगावं? तारा, रोहित्रं, माणसं हा खर्च विक्री घटली तरी घटत नाही. शिवाय वरच्या टप्प्यातल्या ग्राहकानं वापर कमी केला की कंपनीचं नुकसान सर्वांत जास्त, कारण त्याच्याच जादा दरावर खालच्या टप्प्यांची सवलत उभी असते. यावर तोड म्हणून आयोगानं २०१० मध्ये मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याचे विनियम केले: कंपनीनं स्वतंत्र विभाग ठेवावा, कोणती वीज कुठे आणि कधी लागते याचा अभ्यास करावा, बचतीच्या योजना आखाव्यात आणि त्यांचा मंजूर खर्च दरांतून भरून घ्यावा. नियम चांगले आहेत. वीजटंचाई असली की त्यांची आठवण होते आणि टंचाई सरली की फाईल मागे पडते, हे मात्र वाईट आहे.

[दृश्य: निफाड तालुका. ऊस, द्राक्षबाग, विहिरीवरचा पंप, खांबावरची डीपी.]

शेतात तर हा गुंता आणखी वाढतो. शेतीला वीज मिळते पाळीनं, कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री. रात्रीची पाळी म्हणजे निफाडच्या उसात बिबट्याची भीती मनात घेऊन पाणी द्यायला जाणं. म्हणून पंपाला ऑटो स्विच लागतो. वीज आली की पंप आपोआप सुरू. पण एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की डीपी जळते, आणि ती बदलून येईपर्यंत बाग तहानलेली राहते. पंपाला कपॅसिटर बसवला तर डीपीवरचा भार हलका होतो. छोटी वस्तू, पण फार मोठा फरक.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेतून सरकार भरतं. शेतकऱ्याचा भार गेला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वारंवार रिवाइंडिंग करून थकलेली मोटर तेवढंच पाणी उपसायला जास्त वीज खाते, आणि ती बदलण्याचं आर्थिक कारण आता शेतकऱ्यापाशी उरलं नाही. ते कारण आता सरकारी तिजोरीपाशी आहे. जो बिल भरतो त्यानंच चांगला पंप बसवून द्यावा, हा व्यवहार सरळ आहे. सौर कृषी वाहिनी योजनेनं शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वीजवाहिनीला दिवसा वीज मिळू लागते, रात्रीचं जागरण टळतं. त्या विजेवर जुनाट पंप चालवायचा म्हणजे सौर पॅनेलही जास्त लावावे लागणार.

[दृश्य: सातपूर औद्योगिक वसाहत, दुपारची पाळी.]

सातपूर-अंबडच्या कारखान्यांना तर घड्याळाचंही दरपत्रक आहे. वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग. त्यानुसार भट्ट्या रात्री लागायच्या. आता दुपारी सौर वीज मुबलक आहे, त्यामुळे २०२५ च्या दर आदेशांत सवलत रात्रीकडून दिवसाकडे, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेकडे वळली. रात्रपाळीवर बसवलेली कामाची घडी मोडायला कारखान्याला महिने लागतात. दिशा बरोबर असली, तरी बदलासाठी पुरेसा अवधी मागणं हा उद्योगांचा हक्क आहे.

[दृश्य: जुना आग्रा रोड, जिल्हाधिकारी कार्यालयाचं आवार, नियोजन भवन.]

असं मागणं मांडायची जागा नाशिकमध्येच आहे. आयोगाच्या दरविषयक जनसुनावण्या इथल्या नियोजन भवनात झाल्या आहेत. समोर आयोगाचे सदस्य, एका बाजूला कंपनीचे अधिकारी आणि मध्ये माईक. उद्योजकांच्या संघटना आकडे घेऊन येतात, ग्राहक संघटना येतात, शेतकरी येतात. भाड्याच्या घरातलं माणूस क्वचितच दिसतं.

दरवाढीचा अर्ज दाखल झाला की त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते. हरकत पाठवायची शेवटची तारीख तिच्यात दिलेली असते. हरकत मराठीत लिहिता येते, वकील लागत नाही. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि मागणी लिहायची. पंखे बिलातून हप्त्यानं देण्याची योजना कंपनीनं का आखली नाही, आणि मागणी व्यवस्थापनासाठी मंजूर झालेला पैसा कुठे खर्च झाला, हे दोन प्रश्न त्यात जरूर घाला. सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचं असेल, तर तसं हरकतीतच स्पष्ट नमूद करा.