सूर्यफूल समुद्राकडे पाठ फिरवतं! बालवाडीच्या मुलांसोबत कोकणात सूर्यफुलं लावताना

नमस्कार मंडळी! दिवाळी झाली, पाऊस गेला आणि खळ्यातली, म्हणजे अंगणातली माती खालून अजून ओलसर आहे. कोकणात मुलांना घेऊन सूर्यफूल लावायचं तर हाच मुहूर्त. जूनमध्ये लावलंत तर रोप एक तर कुजेल, नाहीतर वाऱ्यापावसात आडवं होईल. आत्ता, नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावलंत तर दोन-सव्वादोन महिन्यांत, संक्रांतीच्या आसपास फुलं बघायला मिळतील.

[बियांची वाटी कॅमेऱ्याजवळ]

आधी बियाणं बघून घ्या. गुलाबी, हिरवा असा रंग दिलेल्या बियांना बहुतेक वेळा औषध चोळलेलं असतं. त्या लहान मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, कारण बी हातात आली की तोंडात जाणार हे ठरलेलं. बिनरंगाच्या, कच्च्या बिया घ्या. पोपटाच्या खाण्यातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बियाही उगवतात, फक्त भाजलेल्या नकोत.

आता, बी नारळाच्या करवंटीत लावायची का? इतरांच्या व्हिडिओत करवंटीतली रोपं गोड दिसतात, मान्य. पण सूर्यफुलाचं सोटमूळ सरळ खाली जातं, करवंटीत ते लगेच तळाला टेकतं, आणि नंतर रोप हलवलेलं त्याला फारसं सोसत नाही. त्यापेक्षा थेट जमिनीत लावा. आपली जांभी माती पाणी धरून ठेवत नाही, म्हणून त्यात भरपूर शेणखत मिसळा. काथ्याचा भुसा घालणार असाल तर आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

मुलांच्या बोटाची दोन पेरं, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर खोल बी टाकायची. दोन बियांत फूटभर अंतर. काही बिया मुद्दाम उलट्या, काही आडव्या लावायला सांगा. त्याच वेळी एक-दोन बिया काचेच्या ग्लासात ओल्या कापडाला चिकटवून ठेवा. बी कशीही ठेवा, मूळ वळून खालीच जातं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. पाणी घालायला बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून द्या. तांब्या दिलात तर आळ्याचं तळं होईल.

आठवड्याभरात कोंब वर येतात आणि मग हमखास आरडाओरडा होतो: "बाई, ह्येच्या डोक्यार टोपी आसा!" ती टोपी म्हणजे बीचं टरफल, दोन जाड दळांच्या, म्हणजे बीतून निघालेल्या पहिल्या पानांच्या टोकाला अडकलेलं. मुलांचा हात तिकडे जायच्या आत थांबवा, कारण ओढलं की दळंही तुटून येतात. टरफलावर पाण्याचे चार थेंब टाकायचे. भिजून मऊ झालं की ते आपोआप गळतं.

आता मुख्य गोष्ट, जागा. सूर्यफूल सूर्यामागे फिरतं हे आपण सगळेच सांगतो, पण ते अर्धंच खरं आहे. फिरतं ते वाढतं रोप. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकतो. रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि पहाटेपर्यंत शेंडा परत पूर्वेला येतो. फूल पूर्ण उमललं की ही वाढ थांबते आणि ते पूर्वेकडेच तोंड करून राहतं. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काही फुलांची तोंडं पश्चिमेला फिरवून बघितली, तर त्यांच्याकडे मधमाश्या कमी आल्या. पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं आणि मधमाश्यांना ऊब आवडते.

आपल्याकडे पश्चिमेला समुद्र. म्हणजे उमललेलं फूल सह्याद्रीकडे बघणार आणि दर्याकडे पाठ करणार! खळ्याच्या डोंगराकडच्या कडेला लावलंत तर मुलांना फुलांच्या पाठी दिसतील. म्हणून समुद्राकडच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आतल्या बाजूने लावा. खारा वाराही थोडा अडतो. नारळीची सावली मात्र टाळा. रोप वाढत असताना मुलांना शाळा भरताना एकदा आणि सुटताना एकदा शेंड्याची दिशा बघायला लावा.

फूल आलं की भिंग द्या. मधल्या चकतीत शेकडो चिमुकली फुलं असतात, ती कडेकडून आत उमलत जातात, आणि प्रत्येकातून एक बी होऊ शकते. कडेच्या पिवळ्या पाकळ्यांत बी धरत नाही.

पाकळ्या गळल्या की जुन्या साडीचा तुकडा बांधा, नाहीतर पोपट आधी पोचतील. फुलाची पाठ पिवळी-तपकिरी झाली की कापा आणि बिया सुकवा. त्या लगेच पेरू नका, ताज्या बिया दीड-दोन महिने झोपेतच असतात. डब्यात भरून ठेवा, पुढच्या दिवाळीनंतर काढू.